कोल्ड स्टोरेजची घरघर: काढू की ठेवू?

तुर्भे_रातपाळी:
तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये प्लांट ऑपरेटर आहे. दोन महिने 'धिस हीट' या लंडनच्या बँडने झपाटलोय. 1976 साली तिघांनी सुरू केलेला. ब्रिक्स्टनमधली मांस साठवायची जुनी शीतखोली त्यांना मिळाली, तिचं नावच त्यांनी 'कोल्ड स्टोरेज' ठेवलं आणि तिथेच तालीम, तिथेच रेकॉर्डिंग. हे वाचलं त्या सकाळी पाळी संपली तरी घरी जावंसं वाटेना.

मग कॉम्प्रेसरचा आवाज मोबाइलवर टिपला, चाळीस मिनिटं. सफरचंदांच्या चेंबरचं दार सरकवताना रबर आधी धरून ठेवतं, मग एकदम सोडतं. तो आवाज मला फार आवडतो. यावर गिटार वाजवायची आहे. ओळखीचा एक जण म्हणाला, आधी घरघर काढ. नॉइज रिडक्शन लावलं तर अख्खी खोलीच गेली. काय करू?

कोपरीकर:
काढू नका हो! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटर-ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बहुधा 100 वर असते. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा 98 वर, म्हणजे गुणगुण त्याहून किंचित चढी. ट्यूनर बाजूला ठेवा आणि तार थेट त्या गुणगुणीला लावा, तानपुऱ्याशी गळा मिळवतात तशी. ब्रिक्स्टनलाही वीज 50 चीच आहे, बरं का.

ऐरोली_बास:
मोबाइल आवाजाची पातळी आपणहून बदलतो. दार वाजलं की घरघर दबते, मग हळूहळू फुगते. साधा रेकॉर्डर घ्या, लेव्हल हाताने लावून ठेवा. बाहेर आणण्याआधी चेंबरमध्येच पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर दमट हवेत आतपर्यंत पाणी धरेल. गार होऊन गेलेला माझा एक माइक असाच गेला, अजून हळहळ वाटते.

आणि चाळीस मिनिटं कशाला? त्यांच्या 1979 च्या पहिल्या अल्बममध्ये टेपच्या एका लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या एकाच तुकड्यावर, अख्खं गाणं उभं आहे. आठ सेकंद निवडा, त्यांच्यावरच मेहनत घ्या. मला स्वतःला 1981 चा 'डिसीट' जास्त भिडतो. अणुयुद्धाची भीती त्यात भरून आहे, रात्री एकटीने ऐकवत नाही.

कोपरीकर:
त्यांच्यातले गॅरेथ विल्यम्स बँडमध्ये आले तेव्हा वादक नव्हतेच. पुढे बँड सोडून कथकली शिकायला केरळात आले. तेव्हा गिटार नीट येत नाही म्हणून थांबू नका.

तुर्भे_रातपाळी:
तार लावली. आधी दोन्ही सूर एकमेकांवर थरथरत होते, मग थरथर मंदावली आणि एका क्षणी तार कुठली, कॉम्प्रेसर कुठला, कळेना. ताई, रेकॉर्डर मित्राकडून मागितलाय. शनिवारी मोठा माल यायचाय, दार रात्रभर उघडझाप करेल. तेव्हा टिपतो.