चर्चा: वापरकर्त्यांचा अभ्यास आणि स्क्रीनची रचना एकाच व्यक्तीकडे असावी का?

मूळ लेखन

नोकरीच्या जाहिरातींत ‘यूआय/यूएक्स डिझायनर’ असे एकत्र लिहिण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की त्या तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामे आहेत, याचा विसर पडू लागला आहे. स्क्रीनवर काय दिसेल, बटण कुठे असेल, अक्षर किती मोठे असेल हे यूआय (यूजर इंटरफेस) ठरवते. माणूस कोणत्या गरजेने ती वस्तू हाती घेतो, कुठे अडतो आणि अडल्यावर त्याचे काय होते, हा सगळा विचार यूएक्समध्ये (यूजर एक्सपिरियन्स) येतो. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये ‘यूजर एक्सपिरियन्स’ हा शब्द आपल्या पदनामात घेतला, तो ‘इंटरफेस’ हा शब्द त्यांना फार तोकडा वाटत होता म्हणूनच.

अभ्यास करणारी आणि स्क्रीन रचणारी व्यक्ती वेगळी असावी, असे माझे ठाम मत आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा गेला आणि दुरुस्तीचा संदेश जायला ३८ मिनिटे लागली. कर्मचाऱ्याने यादीतला चुकीचा पर्याय निवडला, असे प्रथम सांगण्यात आले. सराव आणि खरा इशारा हे पर्याय एकाच यादीत असल्यामुळे अनेक डिझायनरांनी ती यादी नव्याने रचून दाखवली. पुढे चौकशीत मात्र असे दिसले की त्या कर्मचाऱ्याला हल्ला खराच वाटला होता, कारण पाळी बदलताना ऐकवलेल्या सरावाच्या संदेशात ‘हा सराव नाही’ हे शब्दही होते. एकटा माणूस इशारा पाठवू शकत होता आणि तो मागे घेण्याची कार्यपद्धती ठरलेलीच नव्हती. यादी वाईट होती हे खरे, पण ती सुधारून त्या सकाळचा अनर्थ टळला नसता. ज्याचे काम स्क्रीन काढणे आहे, त्याला दोष स्क्रीनमध्येच सापडतो.

प्रतिसाद १

आपले उदाहरण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. नाशिकमधल्या आमच्या कंपनीत सहा माणसे आहेत आणि अभ्यासासाठी वेगळे पद निर्माण केले, तर प्रत्यक्षात तो अभ्यासच होणार नाही. पण खर्च हा माझा मुख्य आक्षेप नाही. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही अ‍ॅप करत होतो, तेव्हा मी तीन दिवस एका एजंटाबरोबर बाजारपेठेत फिरलो. त्यांच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नोटा, डोक्यावर ऊन, आणि दुकानदार गिऱ्हाईक सोडून त्यांच्याकडे जेमतेम अर्धा मिनिट पाहतो. परत येऊन मी रकमेचे आकडे मोठे केले आणि ‘जमा करा’ हे बटण अंगठा पोहोचेल अशा जागी खाली आणले. हे सगळे मला वीस पानी अहवालातून कळले असते, पण ते अंगठ्याचे अंतर माझ्या हाताला जाणवले नसते.

शिवाय वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले आहे की पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पाच माणसांना भेटायला वेगळा विभाग कशाला हवा?

मूळ लेखकाचे उत्तर

तो आकडा, एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात, या गृहीतावर उभा आहे. वापरकर्त्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसे स्वतंत्रपणे घ्यावीत, असे नील्सन यांनी त्याच लेखात सांगितले आहे. एजंटाबरोबर आपण फिरलात हे उत्तमच केलेत, पण ज्या ठेवीदाराच्या मोबाइलवर पावती जाते, त्याला कोण भेटले?

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. मी काढलेल्या स्क्रीनची चाचणी मीच घेत असे, तेव्हा समोरचा थांबला की माझ्या तोंडून नकळत निघे, “वरचे बटण दिसले ना?” त्या प्रश्नानंतर चाचणीत चाचणी म्हणून काही उरत नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही तिसरी भूमिका विसरत आहात, ती म्हणजे शब्द लिहिणाऱ्याची. ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द’ अशी दोन बटणे मी अनेकदा पाहिली आहेत. यातले ‘रद्द’ दाबले तर अर्ज रद्द होतो की रद्द करणे रद्द होते, हे कोणीही सांगू शकणार नाही. ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज राहू द्या’ असे लिहिले की गोंधळ संपतो. मराठी मजकूर शेवटच्या आठवड्यात भाषांतराला जातो, म्हणून हे घडते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, तेही त्याचमुळे. अभ्यास आणि रचना एकाने करावी की दोघांनी, यापेक्षा पहिल्या आराखड्यापासून मराठीत लिहिणारी व्यक्ती तिथे असणे मला अधिक निकडीचे वाटते.

प्रतिसाद १ चे उत्तर

ठेवीदाराला आम्ही भेटलो नव्हतो, हे मान्य करतो. पावतीचा संदेश इंग्रजीत जातो आणि त्याबद्दल आम्ही कोणाला विचारलेही नाही. पुढच्या चाचणीत प्रश्न माझी सहकारी विचारेल आणि मी मागे गप्प बसून पाहीन, एवढा बदल मी नक्की करीन. पण पाहायला मीच बसेन. माझ्या जागी दुसऱ्या कोणी पाहून मला कळवावे, हे मला अजूनही पटलेले नाही.