मदत हवी आहे: वनस्पतींच्या तेलांची सनस्क्रीन खरंच ऊन अडवते का?

मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचून सांगा.

निफाड तालुक्यात आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. साबण, उटणं, केसाचं तेल असं करतो. दोन वर्षांपूर्वी 'उन्हाची क्रीम' सुरू केली, कारण गटातल्या बहुतेक जणी द्राक्षबागेत कामाला जातात. एप्रिलात खरड छाटणी (वेलीच्या काड्या आखूड कापणं) झाली की मांडवावर पान राहत नाही. त्यानंतर फेल, म्हणजे नको असलेली फूट, काढायला आणि शेंडे मारायला मान वर करून दिवसभर उभं राहायचं, म्हणजे ऊन थेट तोंडावर. तिघींच्या गालावर वांग आहे.

क्रीममध्ये खोबरेल, मेण, खोबरेलातच मुरवलेली मंजिष्ठा आणि गाजराच्या बियांचं तेल असतं. हे शेवटचं फार महाग पडतं, तरी घेतलं, कारण नेटवर जिथेतिथे त्याचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं तो आकडा, ३८ ते ४० लिहिलेला असतो. वासाला लिंबाच्या तेलाचे थेंब. डबीवर आम्ही 'नैसर्गिक सनस्क्रीन' असं छापलं होतं.

मे महिन्यात माझ्या जाऊबाईंनी काळपटपणा जावा म्हणून सकाळी लिंबाची फोड तोंडावर चोळली, वरून आमची क्रीम लावली आणि बागेत गेल्या. दुसऱ्या दिवशी आग सुरू झाली. तिसऱ्या दिवशी हनुवटीवरून गळ्यापर्यंत लाल पट्टे उठले. रस जसा ओघळला होता अगदी त्या वाटेने, गळ्याच्या खळगीत येऊन थांबलेले. नंतर ते गडद तपकिरी झाले. दोन महिने होत आले, अजून दिसतात. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिंबात, त्यातही सालीत, सोरालेनच्या जातीची द्रव्यं असतात आणि ती कातडीवर असताना ऊन लागलं की अशी भाजते. बावचीतही तेच सोरालेन. म्हणूनच कोडावर बावची लावून उन्हात बसवतात. हे ऐकल्यापासून मला झोप नाही, कारण आमच्या क्रीममध्ये लिंबाचं तेल आहे.

माझी पुतणी बी. फार्मला आहे. तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, काकू, तेलांचे हे आकडे बहुतेक मशीनवरचे असतात. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि २९० ते ३२० नॅनोमीटरचे किरण ते किती शोषतं हे मोजून सूत्रात घालतात. खोबरेलाचा सुमारे ७ हा आकडा तसाच आलेला आहे. बाटलीवर छापायचा एसपीएफ माणसाच्या कातडीवर तपासतात, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. शिवाय ३२० ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण त्या मशीनच्या आकड्यात धरलेलेच नाहीत, आणि वांग वाढवण्यात त्यांचा मोठा हात असतो.

त्या २ मिलिग्रॅमचा हिशोब मी मांडून पाहिला. नुसत्या चेहऱ्याला साधारण सव्वा ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावली तर आमची ५० ग्रॅमची डबी तीन आठवड्यांत संपायला हवी. आमच्या बाया ती चार महिने पुरवतात.

पुतणीचं म्हणणं, ग्रीन टी, हळद, मंजिष्ठा यांतली द्रव्यं उन्हाने होणारी इजा थोडी कमी करू शकतात, पण ऊन अडवणं हे काम झिंक ऑक्साइडसारख्या गोष्टीचं. मला पटतं. तरी एक मनात राहतं. म्यानमारमध्ये बायका थानाका नावाच्या झाडाची साल सहाणेवर उगाळून गालावर लेप देतात आणि उन्हात फिरतात. आपल्याकडे डाळिंबाला चट्टे पडू नयेत म्हणून केओलिन फवारतात, ती पांढरी मातीच. मग पातळ तेलापेक्षा जाड लेप काही उपयोगाचा ठरेल का? घामाने तो किती टिकतो, कुणी बागेत किंवा शेतात वापरून पाहिलंय का?

दुसरं म्हणजे नाशिक-पुण्याकडे लहान बॅचची एसपीएफ तपासणी करून देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का, आणि खर्च किती येतो? आणि विकायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना लागतो. बचत गटाने तो काढल्याचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

भर: इतक्या लवकर उत्तरं दिलीत, मनापासून आभार. बऱ्याच जणांनी लिहिलंय की बाजारातून झिंक ऑक्साइडची पूड आणून मिसळा. पुतणीने थोडी मिसळून काचेच्या पट्टीवर पसरून दाखवली. उजेडात धरली तर पांढरे ठिपके वेगळे आणि मधे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतून ऊन आत जाणारच. पूड एकसारखी पसरायला कारखान्याचं यंत्र लागतं, त्यामुळे तो नाद आम्ही सोडला.

सनस्क्रीनचं लेबल काढून टाकलंय. विकलेल्या डब्यांपैकी ज्यांची घरं माहीत होती तिथे मी आणि जाऊबाई दोघी जाऊन आलो. ही क्रीम रात्रीसुद्धा लावायची नाही आणि उन्हात तर नाहीच, लिंबाचं तेल आहे, परत द्या असं सांगितलं आणि पैसे दिले. एका मावशींनी विचारलं, "मग आम्ही लावायचं काय गं?" त्यांना सध्या एवढंच सांगितलंय की पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला घट्ट विणीचा सुती स्टोल सोडू नका, जमलं तर मेडिकलमधून एसपीएफ ३० किंवा ५० ची ट्यूब घ्या आणि दोन बोटं भरून लावा. पण ती ट्यूब चारशे रुपयांची आणि त्यांची दिवसाची मजुरीच तेवढी. स्वस्तातली, यूव्हीएही अडवणारी आणि घामात टिकणारी कुठली वापरून पाहिली असेल तर नाव सांगा.

आणि लिंबाच्या तेलाचं राहिलंच. बाटलीवर नुसतं 'लेमन ऑइल' आहे. साल दाबून काढलेल्या तेलाने भाजतं, वाफेवर काढलेल्याने नाही असं वाचलं. हातात बाटली असताना ते कसं ओळखायचं? दोन भरलेल्या बाटल्या घरात आहेत.