कॉलरबोनच्या आतल्या टोकाला सूज : बायोप्सी करावी की थांबावे?

माझे वय ४३ आहे. उजव्या कॉलरबोनचे आतले टोक जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते, तिथे गेले सात महिने सूज आहे. हाताला ती सुपारीएवढी आणि टणक लागते. वरची कातडी लाल नाही, गरमही नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की कळ येते आणि उजव्या कुशीवर झोपता येत नाही. ताप आलेला नाही, वजन घटलेले नाही, मार लागल्याचेही आठवत नाही.

सुरुवातीचे तीन महिने स्नायू आखडल्याचे समजून वेदनाशामक गोळ्यांत गेले. साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नव्हते. त्या जागी फासळ्या, मणके आणि छातीचे हाड यांच्या सावल्या एकावर एक पडतात, हे मला नंतर कळले. सीटी स्कॅनमध्ये मात्र हाडाच्या आतल्या टोकाचा खालचा भाग दाट झालेला दिसला, सांध्यातली फट शाबूत होती आणि ईएसआर व सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या सामान्य आल्या. त्यावरून अस्थिरोगतज्ज्ञांनी 'कंडेन्सिंग ऑस्टायटिस' असे निदान सुचवले. हा विकार बहुधा मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो आणि घातक नसतो, असे ऐकून मी निश्चिंत झाले होते.

संधिवाततज्ज्ञांनी मात्र खांद्याला हात लावण्याआधी माझे तळहात पाहिले. अंगठ्याच्या बुडाशी दोन वर्षे पिवळसर पुळ्या येतात, सुकतात आणि कातडी सोलवटते. साबणाची अ‍ॅलर्जी समजून मी त्या कोणाला दाखवल्याच नव्हत्या. त्यांना 'सॅफो सिंड्रोम'चा संशय आहे, कारण त्यात अशा पुळ्या आणि छातीच्या वरच्या भागातील हाडांचा दाह बरोबरीने आढळतो. त्यात बोन स्कॅनवर (किरणोत्सारी औषध टोचून हाडांच्या काढलेल्या चित्रावर) कधी कधी बैलाच्या मुंडक्यासारखी आकृती उमटते, म्हणून तोही केला. पण माझ्या स्कॅनमध्ये फक्त उजवी बाजू उजळली आणि प्रश्न तिथेच राहिला. आता क्षयरोग, इतर जंतुसंसर्ग आणि गाठ यांची शंका फेडण्यासाठी बायोप्सी सुचवली आहे.

अशा स्थितीत ज्यांनी बायोप्सी करून घेतली, त्यांना ठोस उत्तर मिळाले, की 'जुनाट दाह' एवढाच अहवाल आला? नमुना पेशीतपासणीबरोबर क्षयाच्या कल्चरलाही (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीलाही) पाठवा, असे आपण आधी सांगावे लागते का? आणि हाडाला सुई लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांकडून तळहातावरील पुळ्यांचे निदान पक्के करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?