शब्दचर्चा : प्रजाती, जाती, प्रदेशनिष्ठ (अंदमानच्या रुका सापावरून)

प्रश्न

अंदमानातल्या सापांवरचा एक लेख तपासते आहे. त्यात असं वाक्य आहे : ‘डेंड्रेलॅफिस अँडामनेन्सिस हा वृक्षसर्प अंदमान-निकोबार बेटांवरील स्थानिक प्रजाती आहे.’ जुन्या मराठी परिभाषेत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे दोन वेगळे स्तर आहेत, वर्तमानपत्रांत मात्र सरसकट ‘प्रजाती’ दिसते. इथे काय ठेवावं? ‘स्थानिक’ चालेल का? आणि ‘वृक्षसर्प’पेक्षा बरा शब्द आहे का?

उत्तर

शेवटचं आधी सांगतो. ‘वृक्षसर्प’ ठेवू नका. झाडावर राहणारे साप अनेक आहेत. हरणटोळ आहे, मांजऱ्या आहे, चापडाही आहे. त्यांची एकमेकांशी जवळची सोयरीक नाही, चापडा तर विषारी. तुमच्या लेखातला साप ज्या गटातला आहे त्याला मराठीत नाव आहे : रुका, काही ठिकाणी रुखई. रूख म्हणजे झाड, कोकणीत अजूनही रूक म्हणतात. आपल्याकडचा रुका म्हणजे डेंड्रेलॅफिस ट्रिस्टिस. सडपातळ, पाठ तांबूस-कांस्य रंगाची, दिवसा फिरणारा, बिनविषारी, सरडे-बेडूक खाणारा. चिडला की मान फुगवतो आणि खवल्यांच्या मधली निळसर कातडी दिसते. पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंनी कड असते, ती सालीच्या खडबडीत अडकवत तो सरळ खोडावर चढतो. अंदमानचा साप याच वंशातला, म्हणून ‘अंदमानचा रुका’ म्हणा. वाचकाच्या डोळ्यांपुढे साप उभा राहील.

आता जाती-प्रजाती. जुन्या परिभाषेत उतरंड अशी : गण, कुल, प्रजाती किंवा वंश, जाती, उपजाती. म्हणजे डेंड्रेलॅफिस ही प्रजाती आणि अँडामनेन्सिस ही जाती. वर्तमानपत्रांनी हिंदीच्या वळणाने जातीलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केली आणि वरच्या पायरीचा शब्द खाली आला. नुसती ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी असेल तर फार बिघडत नाही. पण वर्गीकरणावर लिहिताना बिघडतं, आणि याच सापाचं उदाहरण त्याला पुरेसं आहे.

प्राणिशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांनी 1871 साली या सापाचं वर्णन केलं. डेंड्रेलॅफिस हा वंश बूलेंजर यांनी केला 1890 साली, म्हणजे साप आधीचा आणि आजचा वंश नंतरचा. म्हणूनच शास्त्रीय नावापुढे अँडरसन आणि 1871 कंसात लिहितात : मूळ वर्णन दुसऱ्या वंशात झालं होतं, याची ती खूण. लेखात तो कंस गळला असेल तर तेवढा परत घाला. पुढे बराच काळ हा साप डेंड्रेलॅफिस पिक्टसची उपजाती म्हणून गणला गेला. पिक्टस हा आग्नेय आशियातला मोठ्या पसाऱ्याचा साप. तोवर अंदमानचा रुका म्हणजे त्या पसाऱ्याचा एक तुकडा, एवढीच त्याची ओळख होती. आज तो स्वतंत्र जाती मानला जातो आणि फक्त अंदमानात आढळतो. साप तोच, झाडं तीच. उपजातीची जाती झाली आणि त्याच्या प्रसाराचा नकाशा बदलला. ‘उपजाती’ आणि ‘जाती’ नेमकेपणाने न वापरता हे वाचकाला कसं सांगणार?

‘स्थानिक’ काढा. स्थानिक म्हणजे तिथला मूळचा, पण तो इतरत्रही असू शकतो. फक्त तिथेच आढळणारा तो प्रदेशनिष्ठ. आणि प्रदेशनिष्ठ म्हटलं की प्रदेश नेमका सांगावाच लागतो. ‘अंदमान-निकोबार’ हा प्रशासनाचा जोड आहे, सापांचा नाही. दोन्ही द्वीपसमूहांमध्ये टेन डिग्री चॅनेल आहे, सुमारे 150 किलोमीटर रुंद. अंदमानच्या जीवसृष्टीचं नातं म्यानमारकडे जातं, निकोबारचं सुमात्राकडे. निकोबारचा रुका वेगळा आहे : डेंड्रेलॅफिस हुमायुनी, तिवारी आणि बिस्वास यांनी 1973 साली वर्णन केलेला. नाव मुंबईच्या हुमायून अब्दुलालींवरून. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) हे पक्षितज्ज्ञ, अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर त्यांचं मोठं काम आहे. मांजऱ्या सापांचीही तीच गोष्ट, अंदमानचा वेगळा आणि निकोबारचा वेगळा.

दुसरं मत

परिभाषा मान्य, पण ‘जाती’ हा शब्द आज लिहिताना हात अडखळतो. समाजातल्या जातीचा अर्थ आधी येतो. शाळेतल्या मुलांसमोर सापांवर बोलताना मी ‘प्रजाती’च म्हणतो आणि तो वाईट शब्द नाही. वरच्या पायरीला ‘वंश’ आहेच की. वंश आणि प्रजाती अशी जोडी ठेवली तर गोंधळ कुठे होतो?

‘स्थानिक’बद्दल मात्र पूर्ण सहमत. त्यात एक भर : ‘आढळतो’ हेही जपून वापरावं. तपकिरी वृक्षसर्प गुआम बेटावर आज भरपूर आढळतो, पण तो तिथला नाही. मूळचा उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटांकडचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सामानातून तिथे पोचला आणि त्याने बेटावरचे बहुतेक मूळचे रानपक्षी संपवले. अशाला ‘आगंतुक’ म्हणावं.

उत्तर

वंश-प्रजाती ही जोडी चालेल. माझा कल जातीकडेच आहे, कारण ‘उपजाती’ त्यातून सरळ येते, ‘उपप्रजाती’ जिभेला जड जाते. पण एका लेखात एकच जोडी हवी. एका परिच्छेदात प्रजाती म्हणजे वंश आणि पुढच्यात प्रजाती म्हणजे जाती, हे होता कामा नये. आणि ‘आगंतुक’ अगदी चपखल.

पश्चिम घाटातही हेच घडलं आहे. इथल्या काही रुक्यांना पूर्वी पिक्टस, काहींना श्रीलंकेचा बायफ्रेनालिस समजत. 2011 साली फोगेल आणि व्हॅन रूयन यांनी त्यांतून दोन जाती वेगळ्या काढल्या, अशोकी आणि गिरी. पहिली सर्पअभ्यासक अशोक कॅप्टन यांच्या नावाने, दुसरी सरीसृप-अभ्यासक वरद गिरी यांच्या. त्यामुळे जुन्या पुस्तकांतला प्रसार आजच्या नावापुढे जसाच्या तसा उतरवू नये.

प्रश्नकर्ती

आभार. वाक्य असं केलं : ‘अंदमानचा रुका ही फक्त अंदमान बेटांवर आढळणारी प्रदेशनिष्ठ जाती आहे. पूर्वी तिला पिक्टसची उपजाती मानत.’ कंसही घातला. पिक्टसच्या परिच्छेदात ‘पश्चिम घाटापासून फिलिपाईन्सपर्यंत’ असं छापलंय, ते लेखकाला विचारून दुरुस्त करते.