नाकाने ओढलेल्या कोकेनमुळे आतड्याला इजा होते का?

प्रश्न:
माझा धाकटा भाऊ मधूनमधून कोकेन घेतो, हे आम्हाला अलीकडेच समजले. गेल्या आठवड्यात त्याच्या पोटात अचानक तीव्र कळा आल्या आणि शौचातून रक्त गेले, पण डॉक्टरांना त्याने बाहेरच्या खाण्याचेच कारण सांगितले. पूड नाकावाटे घेतली जात असताना आतड्याचा संबंध कुठे येतो?

उत्तर १ (मी शल्यचिकित्सक आहे):
कोकेन नाकातून रक्तात उतरते आणि मज्जातंतूंच्या टोकांशी सुटलेले नॉरअॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारे रसायन) परत शोषले जाऊ देत नाही. परिणामी आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात, शिवाय त्यांत गुठळ्या होण्याची शक्यताही वाढते. मोठ्या आतड्याचे प्लीहेजवळचे वळण दोन रक्तवाहिन्यांच्या हद्दीवर असल्यामुळे पुरवठा घटला की त्याला लवकर झळ बसते, तिथले अस्तर मरते आणि रक्त पडते. याला इस्केमिक कोलायटिस म्हणतात. लहान आतड्याची मुख्य रक्तवाहिनी बंद पडली तर मात्र काही तासांत आतडे सडू लागते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. क्रॅक (धूर करून ओढायचे कोकेन) ओढणाऱ्यांत जठराला किंवा त्यापुढच्या आतड्याला भोक पडल्याचेही आढळते. सुरुवातीला रुग्ण वेदनेने तळमळतो, पण पोट दाबून पाहिले तर ते मऊच लागते. म्हणूनच व्यसनाची माहिती मिळाली नाही, तर तरुण रुग्णाच्या बाबतीत सीटी अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनचा) विचार मागे पडू शकतो. कृपया डॉक्टरांना आजच खरे सांगा.

उत्तर २:
मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. मेथ (मेथॅम्फेटामिन) आणि आपल्याकडे एमडी म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन हेही कोकेनसारखे उत्तेजकच आहेत, त्यामुळे तो तेही घेतो का, हे विचारा. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे गप्प राहतात, याचे मला फार वाईट वाटते. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही बोलता येईल.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. हे आतडे पूर्ववत होईल का?

उत्तर १:
इजा अस्तरापुरती असेल आणि पदार्थ पूर्ण बंद झाला, तर सलाइन आणि आतड्याला विश्रांती एवढ्यावर बहुतेकदा भरून येते. खोल इजेनंतर काही आठवड्यांनी आतडे अरुंद होऊ शकते, त्यामुळे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) केव्हा करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पुन्हा रक्त गेले, ताप आला किंवा पोट कडक झाले, तर रात्र असली तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.