शस्त्रक्रियेनंतर नवऱ्याने काय करावे
स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की पत्नीला महिनाभर माहेरी पाठवावे, आई तिचे सगळे करील, हे मत आपुलकीने मांडलेले असले तरी मला पटत नाही. खानापूर-निपाणीकडे असेच चालते आणि नवरा फक्त तपासणीच्या दिवशी बेळगावला सोबत येतो. वास्तविक काखेतल्या गाठी काढल्यावर जखमेतला स्राव बाहेर काढणारी जी ड्रेनची नळी राहते, तिच्या बाटलीत २४ तासांत किती मिलिलिटर स्राव जमला हे रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिहिण्याचे काम नवऱ्यानेच घ्यावे. कारण आकडा साधारण ३० च्या खाली उतरला की डॉक्टर बहुधा नळी काढतात, शिवाय त्या निमित्ताने जखम पाहण्याची दोघांचीही भीड चेपते. खांदा आखडू नये म्हणून सांगितलेला भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम त्यानेही शेजारी उभे राहून करावा. हात सुजला तर लगेच दाखवावे. भेटायला येणाऱ्यांचे ‘आता कसं व्हायचं हिचं’ हे बोलणे त्यानेच, आईला पुढे न करता, स्पष्टपणे थांबवावे. जवळिकीची घाई नको हे खरे, पण काळजीपोटी का होईना, परस्पर वेगळ्या खोलीत अंथरूण घातले तर तिला ते झिडकारल्यासारखे वाटू शकते. म्हणून आधी तिलाच विचारावे.