विंडोज १० बंद झालं म्हणून चालू कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

साखरपेठकर
आमचा कॉम्प्युटर २०१२ चा. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आमचा बाद. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या.

नाही दिला. कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा काढून बघतो तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत सुताच्या तुसाची अख्खी गादी बसलेली! घराला लागून माग, तूस उडणारच. वर सोलापूरचा उन्हाळा. बिचारा तापून बंद पडायचा आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला. ब्रशनं तूस काढलं, प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी पेस्ट वाळून खडी झालेली, ती पुसून नवी लावली, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. आता अर्ध्या मिनिटात उघडतो.

माझं म्हणणं एवढंच: अशी मशीनं घरोघरी पडून आहेत. ती उघडावीत, दुरुस्त करावीत आणि पोरांच्या हातात द्यावीत.

होटगीरोड
छंद म्हणून ठीक आहे, पण सल्ला म्हणून देऊ नका. माझा टॉवेलचा कारखाना आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्याला डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली, लागतो. हिशेब टॅलीवर. असाच सल्ला ऐकून मी गेल्या वर्षी एका मशीनवर लिनक्स टाकून घेतलं. डोंगल ओळखलाच नाही. चार दिवस डिझायनर बसून, माग उभे, माल उशिरा गेला. पैसे वाचवायला गेलो आणि गिऱ्हाईक नाराज करून बसलो. ज्यावर पोट आहे ते यंत्र वेळेवर बदलावं. आणि लगेच बदलणं जमत नसेल त्यांनी हेही बघा: विंडोज १० ला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात.

साखरपेठकर
कारखान्याचं मान्य. डोंगलवालं मशीन नेटपासून तोडून आहे तसंच चालवा, त्याला हात लावू नका. मी घरातल्या मशीनबद्दल बोलतोय.

आणि सोलापूरकरानं तरी यंत्र उघडायला कचरू नये. वडिलांच्या मागावर जॅकार्ड होतं, म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा. चादरीवरचं फूल आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, बस. फ्रान्सच्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे जमवलं. इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिन या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथची यंत्रं भोकांच्या कार्डांवरच मोजत होती. कॉम्प्युटरचं मूळ आमच्या ओसरीवर खडखडत होतं हो! चौथीत असताना मी एक कार्ड उलटं ओवलं, तर फुलाची एक ओळ तिरकी आली. कुठल्या कार्डाची चूक ते वडिलांनी कापडावर बोट ठेवून दाखवलं. तसं बोट ठेवता येईल असं मशीन पोरांना मिळायला हवं.

अक्का_सत्तरफुटी
मी शाळेत शिकवते. साखरपेठकरांच्या बाजूनं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतात, मग आपल्याला काय अडचण? मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. त्रास झाला तो आमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या बदलून घेण्यात अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. तरी गेली ते बरंच झालं, आता कुठंही उघडतात.

पुण्यात_सोलापुरी
अक्का, साखरपेठकर, तुमचा जीव आहे त्यात, कळतं. पण ज्याच्या हातात ते जुनं मशीन येतं त्याचंही ऐका. डिप्लोमाला असताना मला काकांचा जुना पीसी मिळाला. ४ जीबी रॅम. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, उघडला की माउससुद्धा हलायचा नाही. वर्गातली पोरं ॲप करत होती आणि मी "नॉट रिस्पॉन्डिंग" बघत होतो. पुण्याला मुलाखतीत एक्सेलवर काम करून दाखव म्हणाले. मला फक्त लिनक्सवरचं लिबरऑफिस येत होतं. हात थरथरले. तूस काढून, पेस्ट लावून हे सुटत नाही. ज्या घराला जमतं त्यानं पोराला नवं घेऊन द्यावं. नाहीच जमलं तर जुनं द्या, पण त्याला "यातच खरं शिक्षण" असं सांगू नका. ते ऐकून मी दोन वर्षं स्वतःलाच मठ्ठ समजत होतो.

साखरपेठकर
हे वाचून गप्प झालो. ४ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ चालणार नाही, खरं आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. शिकायला लागलेल्या पोराला हे मशीन पहिलं म्हणून द्या, एकुलतं एक म्हणून नको. पण सातवी-आठवीच्या मुलाला? त्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पुरते, आणि ती यावर मजेत चालते. तिथं मी हटणार नाही.

होटगीरोड
सातवीच्या मुलाला चालेल. माझ्या गोदामात असे तीन पडलेत, एकाचा एसएमपीएस (वीज देणारा डबा) गेलाय. रविवारी या आणि घेऊन जा. तूस मात्र तुम्हीच काढायचं.